निघण्यापूर्वी एकदा बसून घे

३ फेब्रुवारी

प्रिय जिराफ,

आधी कामाचं सांगते, नाहीतर आमच्या घरातल्या धामधुमीत ते राहून जाईल.

तू आजवर बांधलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन भरवायचं असं आमच्या ग्रंथालयाने ठरवलंय. ग्रंथपाल काल स्वतः घरी आले होते. त्यांच्याकडची निम्मीअधिक जुनी पुस्तकं तूच तर पुन्हा उभी केलीस. ती सगळी काचेच्या कपाटांत मांडायची, आणि एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी तू मंचावर बसून लोकांना शिलाई करून दाखवायची, चार शब्द बोलायचे. "त्यांना तुम्हीच विचारा. आम्ही विचारलं तर नाही म्हणतील," असं म्हणाले. मी म्हटलं, शाळेत माझ्या बाकावर बसायची ती, नाही कशी म्हणते बघू. तर ये. दोन वर्षं झाली, तू आली नाहीस. दर वेळी तुझा तो गुडघा. या वेळी गुडघ्याला घरी ठेव आणि तू ये.

आता धामधूम. माझ्या नातीचा, लवंगीचा, डायपर सुटला. म्हणजे लेकीने सोडवला. लेक सकाळी लोकांचे दात काढायला दवाखान्यात जाते आणि जाताना फर्मान काढते, "आई, एकदा काढला म्हणजे काढला. बाहेर जातानाही घालायचा नाही. गोंधळ होतो तिचा." तिचा नाही गं होत, माझा होतो! घरात मी फडकं घेऊन मागे फिरते, त्याचं काही नाही. पण मला भाजी आणायची असते, बँकेत जायचं असतं, आणि अडीच वर्षांची बाई काही एकटी घर सांभाळत नाही.

शिवाय तिला एकच पॉटी चालते, पिवळी. मोठ्यांच्या भांड्याला ती विहीर समजते. म्हणजे बाहेर पडताना पिवळी पॉटी बरोबर हवी. आता ती हातात धरून रस्त्याने कशी मिरवू? अर्ध्या गावाला भूगोल शिकवलाय मी. शेवटी माळ्यावरून पृथ्वीगोलाचा खोका काढला, निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेल्या गोलाचा. पॉटी आत अशी बसली, जणू माप घेऊन बनवली होती. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पृथ्वी' छापलंय, तेव्हा लवंगीही आता पॉटीला पृथ्वीच म्हणते. काल भर बाजारात ओरडली, "आजी, पृथ्वी काढ! लवकर काढ!" माझा एक जुना विद्यार्थी शेजारून जात होता. म्हणाला, "बाई, अजून शिकवताय?"

मी म्हटलं, "हो. आज प्रात्यक्षिक आहे."

तुझी,
टाचणी (आता उशी झालेय, पण नाव तेच)


११ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की खळीचं भांडं तसंच टाकून उठावं लागलं. पुठ्ठा वाळून वाकडा झाला. पाप तुझ्या माथी.

ग्रंथपालांना माझे आभार सांग. पण प्रदर्शनात पुस्तकं मांडली म्हणजे पुरे की. बांधणाऱ्या बाईला कशाला मांडायचं? काचेच्या कपाटात मी मावणारही नाही, माझी उंची तुला माहीत आहे. बघू. आत्ताच काही सांगत नाही.

लवंगीचं मात्र पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीस. ती बाजारात ओरडली, मग तू तिला कुठे नेलंस? वेळेत पोचलात? अशी आठवण झाल्यावर ती किती दम धरते? आणि घरातून निघताना तुला कसं कळतं, की वाटेत काही होणार नाही? सहज विचारते आहे.

तुझी,
जिराफ


१८ फेब्रुवारी

प्रिय जिराफ,

कपाटात मावत नसलीस तर मंचावर मावशील. 'बघू' हे काही उत्तर नव्हे. शाळेतल्या सिस्टर असत्या तर वहीवर लाल रेघ मारली असती.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. बाजारात न्हाव्याने वाचवलं. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून त्याने आम्हाला मागचं दार उघडून दिलं. दम म्हणशील तर ती अजिबात धरत नाही. आणि निघताना काही म्हणजे काही कळत नाही! देवावर भरवसा आणि पिशवीत दोन कोऱ्या चड्ड्या.

मंगळवारी बुटांच्या दुकानात गेलो. मी माझ्या पायात चपला घालून बघत होते आणि मागे एकदम शांतता पसरली. वळून बघते तर बाईसाहेब एका मोठ्या गमबुटात उभ्या, मांडीपर्यंत आत, आणि नजर लांब क्षितिजावर. ती नजर मी आता ओळखते. धावले, पण बूट भरला होता. दुकानदार वाकून त्याच्या तळाशी बघून म्हणाला, "चला, एक गोष्ट सिद्ध झाली. गळत नाही." मी लाजेने लाल. बूट विकत घेतले. एकच पाय देत नाहीत, दोन्ही घ्यावे लागले. जावयाला मोठे होतात. तुला बसतील का? तुझे पाय पहिल्यापासून लांब.

त्या दिवशी घरी आल्यावर मला आठवलं की मी भूगोलाची बाई आहे. मोठा कागद घेतला, गावाचा नकाशा काढला आणि त्यावर एक एक शौचालय मांडलं. हिरवा रंग म्हणजे स्वच्छ, कडी लागते, माणसं प्रेमळ. पिवळा म्हणजे वेळ आली तर. लाल म्हणजे त्यापेक्षा झुडूप बरं. न्हावी हिरवा. बँक पिवळी, कारण मॅनेजरची परवानगी लागते आणि ते आधी खातं कुठल्या शाखेत ते विचारतात. बस थांब्याबद्दल सभ्य बाईने लिहू नये.

आणि घरात आता एक कायदा आहे. निघण्यापूर्वी एकदा बसून घे. ती म्हणते, "नाही आली." मी म्हणते, "बसून तर घे." निम्म्या वेळा येते. कायदा तिला इतका पटलाय की आता ती दिसेल त्याला विचारते, "तुला आली का?" बँकेच्या मॅनेजरना विचारलं. ते नाही म्हणाले, तर त्यांच्या पाठीवर थोपटून म्हणते, "बसून तर घे."

प्रदर्शनाचं काय ते हो म्हण आणि मोकळी हो.

तुझी,
टाचणी


२ मार्च

प्रिय टाचणी,

मला यायला जमणार नाही. गुडघा खरंच त्रास देतो आहे, आणि हातात काम पुष्कळ आहे. ग्रंथपालांना तसं कळव. पुस्तकं चांगली मांडा म्हणावं, मोठ्या कोशाची पाठ खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

नकाशा मात्र तुझा फर्मास झालाय. त्यात ग्रंथालयाचा रंग कोणता? हिरवा आहे का? आणि मंचावरून तिथे जायचं तर सगळ्या लोकांच्या मधून जावं लागतं, की मागून वाट आहे? सहज आपलं, नकाशा डोळ्यांपुढे येण्यासाठी.

तुझी,
जिराफ


९ मार्च

प्रिय मैत्रिणीस,

पत्र मिळालं. इकडे हवा बरी आहे. तुझा नकार ग्रंथपालांना अजून सांगितला नाही, उद्या सांगेन.

एक गोष्ट माझ्या जरा उशिराच लक्षात आली. गेले काही आठवडे मी प्रत्येक पत्रात नातीच्या शी-शूचं पुराण लावते आहे. तू एकटी राहतेस, तुझं घर शांत आहे, तुला त्यात काय रस असणार? तू माझं मन राखायला प्रश्न विचारत राहिलीस, आणि मागच्या पत्रात ग्रंथालयाचा रंग विचारलास ती थट्टा होती. मला ती जरा बोचली. यापुढे मी तो विषय काढणार नाही.

गुडघ्याला जप.

तुझी मैत्रीण

ता. क. काल लवंगी बसमध्ये जाताना आणि येताना कोरडी राहिली. याला विषय काढणं म्हणत नाहीत. ही बातमी आहे.


१५ मार्च

अगं वेडे टाचणे,

थट्टा कसली गं करेन मी! तुझं प्रत्येक पत्र मी दोनदा वाचते. बुटांच्या दुकानाचं तर चार वेळा वाचलं.

गुडघा ठणठणीत आहे. दोन्ही आहेत. मला धरवत नाही, टाचणी.

लिहिलं बाई एकदाचं. मोठ्याने हसले, शिंकले, बाहेरून येऊन दाराला किल्ली लावली, की संपलं. पहिल्यांदा झालं ते तुझ्याकडून परत येताना, आगगाडीत. वरची बॅग काढायला हात उंच केले आणि शिंक आली. समोर एक तरुण जोडपं बसलं होतं. पुढचा सगळा प्रवास मी मांडीवर बॅग घेऊन काढला आणि डबा रिकामा झाल्यावर उतरले. तेव्हापासून मी, माझं घर आणि कोपऱ्यावरचं कागदाचं दुकान. लोक पुस्तकं घरी आणून देतात, घरून घेऊन जातात. सगळ्यांना वाटतं, बाई कामात बुडालेल्या असतात. मी आपली गुडघा गुडघा करत बसते, कारण गुडघ्याची कुणाला लाज वाटत नाही.

प्रदर्शनाला यायचं नाही असं कसं असेल गं? आयुष्यभर मी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. बांधणाऱ्याचं नाव पुस्तकावर कधीच नसतं. पहिल्यांदाच कुणी ती बघायला बोलावतंय. मला किती यायचंय ते तुला सांगून कळायचं नाही. पण मंचावर, सगळ्यांसमोर?

तुला आठवतं, पहिलीत, सकाळच्या प्रार्थनेला? 'मे आय' म्हणायला मी हात वर केला आणि सिस्टरनी डोळ्यांनीच तो खाली घ्यायला लावला. मग माझ्या पायाशी तळं झालं. तू शेजारी होतीस. तू खाली पाहिलंस, मग टेबलावरची फुलदाणी दिलीस ढकलून. सगळं पाणी फरशीवर, सगळी फुलं त्या तळ्यात. आणि मोठ्याने म्हणालीस, "सॉरी सिस्टर, माझा धक्का लागला." दिवसभर तू कोपऱ्यात उभी होतीस. मी तुला साधं थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ते खरंच झालं होतं असं ठरलं असतं.

आता या वयात माझ्यासाठी कोण फुलदाणी सांडणार?

तुझी,
जिराफ


१९ मार्च

गाढवे!

जिराफ नव्हे, शुद्ध गाढव! दोन वर्षं गुडघ्याच्या नावाने पावती फाडलीस! मी त्या गुडघ्यासाठी तेल पाठवलं, लोकरीची पट्टी विणून पाठवली! आणि मीही काय, जगाचा भूगोल शिकवला आणि शेजारच्या बाकावरचं दिसलं नाही. थट्टा केलीस म्हणून फुगून बसले.

ऐक. ग्रंथपालांना मी नकार सांगितलेलाच नाही. उद्या सांगेन, उद्या सांगेन करत राहिले. आता सांगणारही नाही.

लेकीला विचारलं (नाव तुझं घेतलं नाही, 'एक बाई' म्हटलं. लेक म्हणाली, "बरं, जिराफमावशीला सांग..."). तिचं म्हणणं, आधी डॉक्टरांना दाखव. यावर उपाय असतात, पुष्कळ बायकांना होतं आणि निम्म्या तोंड उघडत नाहीत. खरं सांगू? शिंक आली की मीही पाय जुळवून उभी राहते. कधीपासून, ते विचारू नकोस.

काल लवंगीला आणि पृथ्वीला घेऊन मी ग्रंथालयाची पाहणी करून आले. मंचाच्या मागे दार आहे, दारातून डावीकडे वळलं की समोरच. कुणाच्याही मधून जावं लागत नाही. स्वच्छ आहे. कडी लागते का हे लवंगीने आत जाऊन लावून पाहिलं. उत्तम लागते. मग तिला ती काढता येईना. ग्रंथपाल दाराबाहेर फरशीवर मांडी घालून तिला कोल्ह्याची गोष्ट सांगत बसले आणि शिपाई वरच्या झरोक्यातून हात घालत होता. सुटका झाल्यावर तिने दोघांना विचारलं, "तुला आली का?" ग्रंथालय हिरवं. गडद हिरवं.

नकाशाची नक्कल बरोबर पाठवते आहे. स्टेशनपासून माझ्या दारापर्यंत हिरव्या ठिपक्यांची माळ आहे. लवंगी करते तेच सगळं तू करायचंस. जवळच्या फेरीपासून सुरुवात, पिशवीत कोरे कपडे, आणि निघण्यापूर्वी एकदा बसून घे.

झालंच कधी, तर होईल. गेल्या महिन्यात आमच्याकडे रोज झालं. छत कोसळलं नाही.

तुझी,
टाचणी


२ एप्रिल

प्रिय टाचणी,

नकाशा कपाटावर चिकटवलाय. गिऱ्हाइकं विचारतात, ही कुठली बेटं?

डॉक्टरांकडे गेले. तुझ्या लेकीच्या वयाची पोरगी. मी मान खाली घालून पुटपुटले, तर म्हणाली, "मावशी, आज सकाळपासून हे सांगणाऱ्या तुम्ही तिसऱ्या. मोठ्याने सांगा." काही व्यायाम दिलेत. बसल्या बसल्या करता येतात, समोरच्याला कळतही नाही. परवा एक प्राध्यापक त्यांच्या पुस्तकाबद्दल तासभर बोलत होते, मी गंभीर चेहऱ्याने मान हलवत सगळे व्यायाम उरकले. म्हणाले, तुमच्यासारखं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही.

मग फेऱ्या सुरू केल्या. आधी चौकापर्यंत. मग बागेपर्यंत. बागेत एकदा फजिती झाली, पण पिशवीत कपडे होते, आणि कुणी पाहिलं असलं तरी कुणी काही म्हणालं नाही. बाकावर बसून मला चक्क हसू आलं. आणि ऐक, काल कागदाच्या दुकानात धूळ झटकणं चाललं होतं. मी सलग तीन वेळा शिंकले. मोठ्या, सणसणीत. आणि काही म्हणजे काही नाही! दुकानदारबाई म्हणाल्या, "सर्दी झाली वाटतं?" मी म्हटलं, "नाही हो, यश आलं." घरी येऊन सोनेरी कागदाची चांदणी कापली आणि कॅलेंडरवर चिकटवली.

येते. तिकीट काढलं. पण घाबरत येते आहे, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू नकोस. मंचावर झालं तर गं? ते गमबूट घालून बसू का?

तुझी,
जिराफ


६ एप्रिल

जिराफ,

गमबूट धुऊन तयार. लवंगी तुझ्यासाठी स्टेशनवर येणार. तिला सांगितलंय, पाहुण्यांना आल्या आल्या ते विचारायचं नाही. ती "बरं" म्हणाली. तिच्या 'बरं'वर मी जाणार नाही.

निघण्यापूर्वी एकदा बसून घे.

टाचणी


१७ एप्रिल

प्रिय टाचणी,

सुखरूप पोचले. कोरडी पोचले.

शनिवारी तू तिथेच होतीस, तेव्हा तुला काय सांगायचं असं वाटेल. पण मंचावरून जे दिसत होतं ते तुला तुझ्या जागेवरून दिसलं नसेल.

दिव्याखाली माझी सगळी पुस्तकं काचेत उभी होती. काही तर मी ओळखलीच नाहीत, इतकी देखणी दिसत होती. मी सुई ओवली, बोलायला लागले आणि पाच मिनिटांत भीती विसरले. शिलाईचा धागा कसा ओढायचा ते सांगत होते. ओढायचा, पण कागद फाटेल इतका नाही. लोक पुढे वाकून बघत होते. आणि तेवढ्यात मला ती ओळखीची कळ आली. चेहरा तसाच ठेवला. मनात म्हटलं, आणखी थोडा वेळ. पण माझी नजर बहुतेक क्षितिजावर गेली असणार, आणि ती नजर तुझ्याही आधी ओळखणारं त्या सभागृहात एकच माणूस होतं.

खोका छातीशी धरून लवंगी मंचाच्या पायऱ्या चढली. माइक माझ्यासमोरच होता. "जिराफआजी, तुला आली का?"

तू कपाळावर हात मारून घेतलास, तो दिसला मला. फक्त एक हात. त्याकडे मग येते.

मी नाही म्हणणार होते. तोंडात तयार होतं, जन्माची सवय. मग समोर पाहिलं. पुस्तकं होती, आणि ही दोन वितींची बाई. इतक्या काळजीने मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. मी सुई खाली ठेवली आणि माइकमध्ये म्हणाले, "आली."

"मग पळ!" ती म्हणाली. "माझी पृथ्वी घे!"

"एवढ्याशा पृथ्वीवर मी मावणार नाही गं."

लोक हसले ते नंतर. आधी माझा हात धरून तिने मला दाराकडे ओढलं. दारातून डावीकडे, समोरच. कडी उत्तम लागते.

बाहेर आले तर रांग! ग्रंथपालांच्या आई, तुझ्या शाळेतल्या गाण्याच्या बाई, दोघीतिघी अनोळखी, आणि सगळ्यांत मागे बँकेचे मॅनेजर, छताकडे बघत. गाण्याच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पहिल्या मिनिटापासून मुठी आवळून बसले होते. बरं झालं कुणीतरी म्हणालं." लवंगी दाराशी उभी राहून एकेकीला आत सोडत होती. ग्रंथपालांनी शेवटी जाहीर केलं, "छोटंसं मध्यंतर." असं मध्यंतर मी कुठल्याच समारंभात पाहिलं नाही. परत आल्यावर सगळे किती मोकळे हसत होते! प्रश्नही मग भरभरून विचारले.

आता त्या हाताचं. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची राखलेली होती. ती सोडून तू मंचाच्या कडेला, माझ्या टेबलाजवळ स्टूल घेऊन बसलीस. मला वाटलं, लवंगीवर लक्ष ठेवायला. मग पाहिलं. टेबलावरची फुलदाणी तू माझ्या पायांच्या बाजूला, अगदी काठावर सरकवली होतीस. फूल एकच, पाणी काठोकाठ. आणि तुझा डावा हात तिच्या गळ्याशी. मी बोलत असताना, मी परत येऊन बसल्यावर, शेवटपर्यंत. सगळी सभा टाळ्या वाजवत होती तेव्हा तू वाजवल्या नाहीस. एका हाताने वाजत नाहीत.

थँक्यू, टाचणी. दोन्ही वेळचं.

तुझी,
जिराफ

ता. क. गमबूट अगदी बरोबर बसले. डाव्या पायात अजून थोडा वास आहे.